भरगच्च फुलांचे पाकीट

१९७८ सालच्या ऑक्टोबर महिन्यातला तिसरा रविवार. ठिकाण लखनौच्या अमीनाबाद बाजारातले बियाण्यांचे दुकान. रक्कम साडेसात रुपये. पैकी सहा माझे, दीड रुपया घरमालकिणीचा. हजर: मी, माझी बायको, घरमालकीण आणि दुकानदार. हे असे पंचनाम्यासारखे लिहितो आहे, कारण चारच महिन्यांनी त्या दुकानात कोण हजर होते आणि कोण नव्हते यावरून आमचे राहते घर जायची वेळ आली.

घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे अठरा फूट बाय अकरा फूट मोकळी जागा. सरकारी नोकरीत बदली होऊन आम्ही लखनौत आलो तेव्हा तिथे बांधकामातून उरलेल्या विटांचा ढीग होता. मालक आणि मालकीण वरच्या मजल्यावर राहत. जागा वापरू का, असे मी विचारले तेव्हा मालक म्हणाले, "साहब, अपना ही घर समझिए." लखनौत असे सगळेच म्हणतात. मी साताऱ्याकडचा माणूस, मी ते खरे धरले. दोन वर्षे रविवारी विटांचे तुकडे वेचले, गोमतीकाठची माती हातगाडीने आणवली, शेणखत मुरवले. आठव्या वर्षी त्या मातीत बोट घातले तर दुसऱ्या पेरापर्यंत जात असे. भाडे तेव्हा एकशे दहा रुपये होते. शेजारच्या गल्लीत तेवढ्याच जागेला नवा भाडेकरू साडेतीनशे देत होता. कायद्याने आम्हाला काढता येत नव्हते, हे मालकांना ठाऊक होते आणि मलाही.

माझ्या बायकोला लखनौत मैत्रीण एकच, ती मालकीण. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी. जिन्याच्या पायरीवर बसून मटार सोलता सोलता बायको तिच्याकडून हिंदी शिकली आणि तिला 'दीदी' म्हणू लागली. दुसरी मैत्रीण तिने शोधलीच नाही. आमची मुलगी तर दिवसातला अर्धा वेळ वरच असे. आम्ही मराठीत हाक मारली की हिंदीत ओ देई.

त्या वर्षी पॉपी लावायची असे ठरले. बायकोचे म्हणणे सोपे होते. "खसखस म्हणजे पॉपीचंच बी ना? डब्यात आहे की. अनारशाला लागेल तेवढी ठेवते, उरलेली वाफ्यात टाका. फुकटात काम होईल."

"ती अफूची. तिला लायसन लागतं. इथून पलीकडे बाराबंकीत शेतकरी लायसन घेऊन लावतात, सरकार मोजून घेतं."

"चार झाडांना कोण विचारतंय?"

"कोणी विचारलं तर सरकारी नोकरानं काय सांगायचं?"

मी ऑफिसच्या लायब्ररीतून बागेचे पुस्तक आणले होते आणि जातींची निवड नीट केली होती. आइसलँड पॉपी बाद. तिला थंडी लांबलेली लागते आणि इथे मार्चमध्येच ऊन चढते. कॅलिफोर्निया भिंतीच्या कडेला. बुटकी, नारिंगी, पाणी कमी मागणारी, आमचा नळ सकाळी तासभरच येई. मधल्या वाफ्यात शर्ली. तिचे देठ लवदार, पाने कातरलेली, पाकळ्या एकेरी आणि पतंगाच्या कागदासारख्या पातळ. फूल दोन दिवस टिकते, पण कळ्या इतक्या येतात की वाफा महिनाभर रिकामा दिसत नाही. म्हणजे दोन पाकिटे, साडेचार रुपये.

दिवाळीचे सामान आणायला तिघे एकाच रिक्षाने अमीनाबादेत गेलो. मालकीण मध्ये बसली होती, कारण कडेला बसले की तिला भीती वाटे. बियाण्यांच्या दुकानात मी माझी दोन पाकिटे सांगितली. तेवढ्यात तिने काचेमागचे तिसरे उचलले. त्यावर गुलाबी, भरगच्च, झिपऱ्या पाकळ्यांचे फूल छापले होते.

"भैया, आपका वाला तो बड़ा दुबला-पतला है," ती म्हणाली. "फूल हो तो ऐसा हो. भरा-भरा."

"दीदी को अपने जैसा ही पसंद आएगा," बायको म्हणाली. मालकीण चांगली जाड होती. दोघी इतक्या हसल्या की दुकानदारही हसला.

पाकीट तीन रुपयांचे होते. मी कुरकुरलो. मालकिणीने पदराची गाठ सोडली आणि दीड रुपया माझ्या हातावर ठेवला. "आधा मेरा. अब तो लगाओगे?" पाकिटावर इंग्रजीत 'डबल पॉपी, मिश्र रंग' एवढेच होते. शोभेच्या फुलांचे, दुकानातले छापील पाकीट. मला शंका घ्यायचे कारण दिसले नाही.

दिवाळीनंतर बी वाळूत मिसळून जागच्या जागी पेरले, कारण पॉपीचे मूळ उपटून लावलेले सोसत नाही. डिसेंबरात विरळणी केली. शर्लीची पाने हिरवी, केसाळ. भरगच्चवालीची मात्र राखी, मेणचट, देठाला मिठी मारून बसलेली. वेगळी जात, वेगळे पान, असे मी धरून चाललो. मालक रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला खाली येत, वाफ्यापाशी थांबत आणि म्हणत, "वाह साहब, क्या मेहनत है आपकी."

फेब्रुवारीच्या शेवटी वाफा पेटल्यासारखा झाला. मागे गुलाबी आणि जांभळे भरगच्च गोंडे, पुढे शर्ली. रस्त्यावरून जाणारे सायकलवरून उतरत. मालकांचा पुतण्या कॅमेरा घेऊन आला आणि फोटो काढून गेला. बायकोने त्याला चहा दिला.

पुढच्या रविवारी मालक खाली आले. खुर्ची अंगणात मागवली.

"साहब, ये पीछे क्या लगा रखा है?"

"पॉपी है. डबलवाली."

"पॉपी तो अंग्रेज़ी में हुई. हमारे यहाँ इसे पोस्त कहते हैं. इसी से अफ़ीम निकलती है." ते अगदी शांतपणे बोलत होते. "हम ठहरे बाराबंकी के. हमारे चाचा के पास लाइसेंस था. हम तो पत्ते से पहचान गए थे."

पानावरून. म्हणजे डिसेंबरातच. मग फूल येईपर्यंत थांबले, फोटोत नीट दिसावे म्हणून.

मी उठलो आणि म्हणालो, आत्ता उपटतो.

"अब उखाड़ने से क्या होगा? फ़ोटो तो खिंच गया. आपकी सरकारी नौकरी है, किसी ने एक्साइज़ में चिट्ठी डाल दी तो आप परेशान होंगे. हम तो आपकी भलाई के लिए कह रहे हैं." चहाचा घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. "अप्रैल तक मकान ख़ाली हो जाए तो हम भी भूल जाएँगे."

मालकीण जिन्यात उभी होती. बायको तिच्याकडे वळली. तिला खरोखरच वाटले की आता सगळे मिटेल.

"दीदी, बताइए न इनको. पाकिट तो आपने चुना था. अमीनाबाद में."

मालकिणीने नवऱ्याकडे पाहिले. "कौन-सा अमीनाबाद? हम तो उस दिन घर से निकले ही नहीं."

बायको हसली. थट्टा चालली आहे असे तिला वाटले. "अरे दीदी, रिक्शे में बीच में आप ही तो बैठी थीं! मूँगफली किसने खिलाई?"

"बहू, हमें इस झंझट में मत डालो," म्हणून मालकीण वर निघून गेली.

बायको माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अहो, ती खोटं बोलतेय." जणू काही मला ते समजले नव्हते.

इथल्या एका प्रयोगशाळेत वनस्पतींवर काम करणारे आमच्याकडचे एक गृहस्थ होते. मी एक फूल आणि एक पान कागदात गुंडाळून त्यांच्याकडे नेले. त्यांनी पान उलटून पाहिले.

"अहो, अनारशाला लावता ती खसखस हीच. फक्त लग्नाला निघाल्यासारखी नटलीय."

"दुकानात उघड विकतात."

"विकतात की. दहा बंगल्यांत लावलेली दाखवतो. कोणी बघत नाही. पण कोणी बोट दाखवलं तर कागदावर तुमचा मालक बरोबर आहे."

त्या बंगल्यांच्या वरच्या मजल्यावर बोट दाखवणारा घरमालक राहत नाही, एवढाच फरक. कदाचित खटला उभाही राहिला नसता. पण माझी अठरा वर्षांची नोकरी होती, चौकशी सुरू झाली की बढती थांबते हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिले होते, दुकानदार स्वतःच ते बी विकत होता म्हणून बोलणार नव्हता, आणि आमची उरलेली एकमेव साक्षीदार घराबाहेर पडलीच नव्हती. तीस एप्रिलला जागा सोडतो, असे मी लिहून दिले. बायको म्हणाली, "डब्यातली टाकली असती तर निदान दीड रुपया तरी वाचला असता." त्या दिवसांत ती मला एवढेच बोलली.

लिहून दिल्यावर त्याच संध्याकाळी मी खुरपे घेऊन मागच्या ओळीकडे गेलो. वरून मालकांचा आवाज आला. "अरे साहब, रहने दीजिए! होली पर मेहमान आ रहे हैं. इतने सुंदर फूल हैं." कागद हातात आल्यावर ती अफू राहिली नव्हती, पुन्हा फुले झाली होती. मी खुरपे ठेवले. होळीच्या दिवशी त्यांच्या पाहुण्यांनी वाफ्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतले.

आता लखनौतच जानकीपुरमला आमचे स्वतःचे घर आहे, पुढे जागाही आहे. तिथे मी शेवंती आणि झेंडू लावतो. मुलगी एकदा विचारून गेली, "बाबा, वो पॉपी क्यों नहीं लगाते?" मी पाणी कमी येते असे सांगितले.

त्या तीस एप्रिलला सकाळी सामान ट्रकवर चढले. मालक देवदर्शनाला गेले होते; निरोप घ्यायची वेळ येऊ नये म्हणून असेल. वाफा वाळला होता. मालकीण त्यात उभी राहून भरगच्चवालीची सुकलेली बोंडे खुडत होती आणि पुढच्या वर्षासाठी बी पदरात झटकत होती. आम्हाला पाहून ती थांबली, पण बाजूला झाली नाही.

बायकोने पर्स उघडली. एक रुपयाची नोट आणि पन्नास पैशांचे नाणे काढून तिच्यापुढे धरले.

"ये किस बात का?" मालकिणीने विचारले.

"आधा पाकिट आपका था, दीदी."

कसले पाकीट, असे मालकिणीने विचारले नाही. मग बोंडे डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने दीड रुपया घेतला आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.