किंकाळीबाईंवर आला खुनाचा आळ

भाजीवाल्याकडे बटाटे निवडत उभं राहावं, तर मागून कुणीतरी विचारणारच, “बाई, खुनाच्या नाटकात ओरडता त्या तुम्हीच ना? एकदा ओरडून दाखवा की!” जणू किंकाळी म्हणजे दाराची घंटा, दाबली की वाजली. सुरुवातीला बाई हसून वेळ मारून न्यायच्या. मग हसू आटलं. पुढे पुढे तर त्या विचारणाऱ्याकडे अशा बघायच्या, की तो बटाटे न घेताच चालता व्हायचा, आणि गिऱ्हाईक गेलं म्हणून भाजीवाला करवादायचा तो वेगळाच.

सगळं गाव त्यांना किंकाळीबाई म्हणायचं. हे नाव काही त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. नाटक कंपनीत त्या आल्या होत्या शिवणकामाला. कपडेपटाच्या खोलीत पायमशीनवर बसून नायिकेच्या झालरी आणि खलनायकाचे कोट शिवायचे, दुपारी डबा खायचा, संध्याकाळी घरी जायचं, असं सरळ आयुष्य होतं. एक दिवस जुन्या कोटांच्या ढिगात हात घातला आणि आतून उंदीर निघाला, चांगला गलेलठ्ठ. बाई अशा किंचाळल्या, की स्टेजवरची तालीम थांबली, पडदे रंगवणारा शिडीवरून खाली उतरला आणि कंपनीचे मालक धावत आले. बाईंना काय झालं हे बघायला नव्हे. दारात उभे राहून, हात छातीवर ठेवून म्हणाले, “वा! पुन्हा एकदा?”

मोलकरणीचं काम करणारी नटी लग्न होऊन परगावी गेली होती आणि तिच्या जागी जी येईल तिच्या तोंडून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज निघत होता. मालकांना आयतीच किंकाळी सापडली. बाई नको नको म्हणत राहिल्या आणि पुढच्या प्रयोगाला ॲप्रन घालून विंगेत उभ्या राहिल्या.

नाटक असं होतं. पडदा उघडतो तेव्हा शेठजी आरामखुर्चीत मरून पडलेले असतात. मोलकरीण सकाळचा चहा घेऊन येते, त्यांना बघते, ट्रे हातातून पडतो, कपबशा फुटतात आणि ती किंचाळते. मग इन्स्पेक्टर येतो. तीन अंक तो घरातल्या एकेकाला उभा-आडवा झोडपून विचारत राहतो. मोलकरणीला त्यानं काहीही विचारलं तरी तिचं एकच वाक्य, “मला काही माहीत नाही, साहेब.” शेवटी कळतं की खुनी म्हणजे घरचे प्रेमळ डॉक्टर. मग मालक पडद्यापुढे येऊन हात जोडायचे, “रसिकहो, खुनी कोण ते बाहेर कुणालाही सांगू नका!” आणि रसिक निघाले, की बाई गुडघ्यांवर बसून स्टेजवरच्या काचा वेचायच्या. कारण काच राहिली तर नायिकेच्या झालरीत अडकणार, आणि झालर शिवायची कुणी? पुन्हा बाईंनीच.

एवढं करून पोरंबाळं, नवरा, सासूबाई यांचं घर सांभाळायचं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर एका डोळ्यानं भिंगातून बघून बघून त्याला घरात बोलायचाही कंटाळा येई. बोलण्याची सगळी जबाबदारी मग सासूबाईंनी उचललेली. आणि त्यांच्यापायीच पुढचं रामायण घडलं.

झालं काय, की मालकांनी एकदा उदार होऊन बाईंना घरच्यांसाठी पहिल्या रांगेचे पास दिले. सासूबाईंनी नाटक डोळ्यांत साठवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत उभ्या असताना पुढच्या बाईला सांगितलं, मागच्या बाईला सांगितलं, ऐकू कमी येत असल्यामुळे जरा मोठ्यानंच सांगितलं. शिवाय दूधवाल्यानं “कोण, कोण म्हणालात?” असं विचारलं म्हणून त्याला सविस्तर सांगितलं. दूधवाल्यानं ते दुधासोबत घरोघर पोचवलं.

“सासूबाई, अहो, सांगायचं नव्हतं!” बाईंनी कपाळाला हात लावला.

“यात लपवायचं काय बाई? शेवटी पकडलाच ना त्याला पोलिसांनी? जगजाहीरच झालं की मग!”

बाईंनी कपाळावरचा हात काढलाच नाही.

पुढच्या प्रयोगाला डॉक्टर पहिल्या अंकात हसतमुखानं आत आले, तोच मागच्या रांगेतून आवाज आला, “आला रे आला, खुनी आला!” नाट्यगृह खदखदलं. शेठजी मेलेले असूनही हसले, खुर्ची हलताना लोकांनी बघितली. डॉक्टरांनी मध्यंतरात गळ्यातला स्टेथोस्कोप काढून मालकांच्या टेबलावर आपटला आणि म्हणाले, “एक तर मी राहीन, नाहीतर त्या बाईंच्या सासूबाई!”

मालकांनी सभा बोलावली. लेखकही आले. हे गृहस्थ शाळेत भूमिती शिकवायचे आणि नाटकही प्रमेयासारखं लिहायचे. मालकांनी त्यांना सांगितलं, “खुनी बदला. लोक डॉक्टर डॉक्टर करत येऊ देत, शेवटी भलताच कुणीतरी निघाला पाहिजे.”

प्रश्न आला, कोण? पुतण्याचं काम करणाऱ्याचं लग्न ठरत होतं, मुलीकडचे आधीच नाटकवाला म्हणून नाराज, त्यात खुनी कुठे होऊ? शेठजींच्या बायकोचं काम करणाऱ्या नटीनं स्वच्छ सांगितलं, “मी नायिका आहे. मी मारत नसते.” इन्स्पेक्टर तर इन्स्पेक्टरच. फिरत फिरत सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात टाचण्या गोळा करत बसलेल्या बाईंवर येऊन थांबल्या.

“वा!” मालक म्हणाले. हा शब्द उंदराच्या दिवसापासून बाईंच्या चांगलाच ओळखीचा होता.

“अहो पण मीच मारलं असेल, तर मी ओरडते कशाला?” बाईंनी विचारलं.

“तेच तर!” लेखक खूश झाले. “ती मोलकरीण नाटक करते आहे.”

“नाटक तर मी आत्ताही करतेच आहे.”

“हे नाटकातलं नाटक.”

“मग मी खरं ओरडू की खोटं?”

लेखकांनी डोळे मिटून विचार केला. “तेव्हा खरं वाटलं पाहिजे. पण शेवटी आठवल्यावर खोटं होतं असं वाटलं पाहिजे.”

“म्हणजे आवाज कसा काढू ते सांगा ना!”

“ते तुमचं काम.”

बाईंनी हातातली टाचणी उशीत खोचली ती अशी, की उशीच ओरडायची बाकी राहिली. पण जबाबदारी झटकणार कशी? गुपित त्यांच्या घरातूनच फुटलं होतं. मालकांनी ते बोलूनही दाखवलं, आणि वर बजावलं, “या वेळी घरात चकार शब्द नको.”

घरात सराव करायची सोय नव्हती. एकदा न्हाणीघराचं दार लावून ओरडून बघितलं, तर शेजारचा बादली भरून पाणी घेऊन धावत आला आणि आग कुठेच दिसेना तेव्हा रागावून परत गेला. शेवटी बाई कपडेपटात कोटांच्या ढिगात तोंड खुपसून ओरडायच्या. नवऱ्याला तिथे बोलावून एक अशी, एक तशी ऐकवली.

“अहो, आता सांगा, ही खरी वाटली की खोटी?”

“चांगली होती.”

“चांगली नको मला! खरी की खोटी?”

“दोन्ही चांगल्या होत्या,” नवरा म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

सासूबाईंना वास लागलाच. घरात काहीतरी शिजतंय आणि आपल्याला वाढलं जात नाही, हे त्यांना सहन होईना. “माझ्याच घरात माझ्यापासून चोरी!” म्हणून त्या दोन दिवस रुसून भिंतीकडे तोंड करून झोपल्या. भिंतीकडे तोंड असलं तरी तोंड चालूच होतं.

नव्या शेवटाचा प्रयोग आला. नाट्यगृह तुडुंब भरलेलं, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सगळं ठाऊक असल्याचं हसू. सासूबाई पहिल्या रांगेत, कारण पास न देण्याची हिंमत कुणाचीच झाली नव्हती. तिसरी घंटा झाली. बाई ट्रे घेऊन विंगेत उभ्या होत्या आणि डोक्यात एकच चक्र चालू होतं. खरी ओरडू, खोटी ओरडू, खोटी वाटणारी खरी ओरडू. अशा विचारातच त्या स्टेजवर गेल्या, शेठजींकडे बघितलं, हातातला ट्रे नीट मेजावर ठेवला आणि किंचाळल्या.

किंकाळी कशी झाली ते त्यांनाही कळलं नाही. विंगेत आल्यावर लक्षात आलं, की कपबशा फुटल्याच नाहीत. वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच. पण कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळे आपापल्या घोकंपट्टीत होते.

सगळ्यात मोठी घोकंपट्टी इन्स्पेक्टरच्या वाट्याला आली होती. तो वयस्कर नट. जुना शेवट त्याला झोपेतही पाठ होता. नव्या शेवटासाठी लेखकांनी त्याला भलंमोठं भाषण लिहून दिलं होतं, त्यात एक किल्ली होती, एक डावखुरा हात होता आणि गाडीचं वेळापत्रक होतं. शेवटच्या प्रवेशात तो सगळ्यांना ओळीनं उभं करून पुढे आला, बोट उचललं, “खुनी आहे…” म्हणाला, आणि सगळं विसरला.

विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, “किल्ली… किल्ली…” इन्स्पेक्टरला ऐकू येईना. प्रेक्षक चुळबुळले. डॉक्टर सवयीनं अर्धं पाऊल पुढे सरकले आणि मग भानावर येऊन मागे झाले. इन्स्पेक्टरची नजर मदतीसाठी खोलीभर फिरली आणि मेजावर जाऊन अडकली. तिथे तो ट्रे होता, कपबशांसकट, जसाच्या तसा.

तो खरोखरच चकित झाला होता. त्यानं विचारलं, “बाई, हा ट्रे फुटला कसा नाही?”

हे वाक्य नाटकात नव्हतं. बाईंच्या अंगात काहीतरी सळसळत वर आलं. इतक्या दिवसांचं. भाजीवाला, लेखक, मालक, न्हाणीघर, बादली, सगळंच.

“का नाही फुटला?” बाई म्हणाल्या. “तुमचं काय जातंय विचारायला! फुटला, की तुम्ही सगळे ‘अरे बापरे’ म्हणून बाजूला होता. गुडघ्यांवर बसून काचा कोण वेचतं? ओरडायचं मी, वेचायचं मी, आणि कुणी काही विचारलंच, तर म्हणायचं मला काही माहीत नाही! अहो, सगळं माहीत आहे मला. या घरात कोण कुणावर जळतं, कुणाला झोप येत नाही, कुणाच्या कोटाचं बटण कुठे तुटलं, सगळं. पण मला कधी कुणी काही विचारलं? ‘चहा आण, चहा ने’ याच्यापुढे या खुर्चीतला माणूस एक शब्द माझ्याशी कधी बोलला नाही!”

इन्स्पेक्टर पुढे झाला. मुरलेला नट होता, धागा हाती लागल्यावर सोडणारा नव्हता. त्यानं हळू आवाजात विचारलं, “म्हणून ओरडण्याआधी ट्रे खाली ठेवलात. आत काय दिसणार ते तुम्हाला ठाऊक होतं.”

बाई भानावर आल्या. आपण खुनी आहोत हे त्यांना आत्ता आठवलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “रात्रीच्या दुधातून विष दिलं मी.”

पडदा पडला तरी टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा मात्र थांबेनात. मालक पडद्यापुढे हात जोडायला गेले आणि काय बोलायचं तेच विसरले. आत मेलेले शेठजी डोळे पुसत होते. डॉक्टरांनी येऊन बाईंचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत कुणी पहिल्यांदाच खुनाचं ओझं डॉक्टरांच्या डोक्यावरून उतरवलं होतं.

घरी जाताना सासूबाई गप्प होत्या. नवरा पुढे चालत होता. कोपऱ्यावर दिव्याखाली सासूबाई थांबल्या.

“ते मघाशी बोललीस… काचा वेचायचं वगैरे. ते मला उद्देशून होतं का गं?”

बाईंना पाय दुखत असल्याचं एकदम जाणवलं. “नाही हो. नाटक होतं ते.”

“हो ना? मला आपलं वाटलं.” मग थोडं चालून, “चहा आण, चहा ने, असं मीही म्हणते म्हणून विचारलं.”

बाईंनी त्यांना रस्ता ओलांडायला हात दिला. घरी गेल्यावर सासूबाईंनी स्वतःच्या हातानं स्टोव्ह पेटवला, चहा भलताच गोड केला आणि तो तिघांनी मुकाट्यानं प्याला.

आठवड्यानं वर्तमानपत्रात लेखकांची मुलाखत आली. न फुटलेला ट्रे ही कल्पना आपल्या मनात सुरुवातीपासूनच होती, असं त्यांनी सांगितलं होतं. नवऱ्यानं ते वाचून दाखवलं आणि बाई तशाच, हातात कात्री घेऊन, तालमीच्या खोलीत गेल्या.

“ट्रे तुमच्या मनात होता?”

“म्हणजे… नेणिवेत होता,” लेखक कात्रीकडे बघत म्हणाले.

“मग इतकी वर्षं काचाही नेणिवेतच वेचायच्या होत्या.”

लेखकांनी त्या प्रयोगातलं बाईंचं बोलणं संहितेत जसंच्या तसं लिहून घेतलं, किल्ली आणि वेळापत्रक कापलं, आणि पुढच्या छापील जाहिरातीत बाईंचं नाव पहिल्यांदाच आलं, खाली, बारीक अक्षरांत, पण आलं. नाटक आणखी बरंच चाललं. खुनी कोण हे अर्थातच गावभर झालं, पण त्याचं कुणाला काही वाटेना. लोक सगळं माहीत असूनही यायचे, बाई बोलायला लागल्या की पुढे सरकून बसायचे.

त्यानंतर बाईंना बोलायची कामं मिळायला लागली. कडक घरमालकीण केली, खोटी विधवा केली, एका खटल्याच्या नाटकात तर न्यायाधीश केली. तिथे सबंध प्रयोगभर खुर्चीत बसायला मिळायचं, पण डोक्यावरचा केसांचा टोप इतका खाजायचा, की निकाल वाचता वाचता बाई वैतागून मान झटकायच्या. लोकांना वाटायचं, काय करारी न्यायाधीश आहे. कपडेपटावरच्या नव्या शिंप्याला दोनदा सांगूनही त्यानं काही केलं नाही, तेव्हा एका दुपारी बाई स्वतःच पायमशीनवर बसल्या आणि टोपाला आतून मऊ अस्तर लावून घेतलं.