माझ्या नावाचा वाटा

अम्मच्ची गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसले होते. आई सांगत होती, सकाळची प्रार्थना म्हणता म्हणता गेली, कुणाला कळलंसुद्धा नाही. मी 'लगेच निघते' म्हणून फोन ठेवला, आणि त्या वेळी मनात जे आलं ते लिहायला आज हात धजत नाही... मला सुटल्यासारखं वाटलं. दर वर्षी ईस्टरच्या आधी येणारा एक प्रश्न आता येणार नव्हता. रडू नंतर आलं, बस सिन्नर सोडून पुढे निघाल्यावर. पण आधी आली ती सुटकाच, आणि गेले सात आठवडे ती गोष्ट मला खाते आहे.

अम्मच्ची म्हणजे माझ्या वडिलांची आई. पपा केरळातून ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला आले आणि नाशिकरोडच्या एका मराठी ख्रिस्ती मुलीशी लग्न करून इथलेच झाले. त्यामुळे आमच्या घरात बोलणं मराठीत, शाळा मराठी, भांडणंही मराठीतच. आजोबा वारले तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पपा अम्मच्चीला इथे घेऊन आले. सत्तरी ओलांडलेली बाई दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून, एक पत्र्याची ट्रंक घेऊन उतरली. अंगात पांढरा सदरा, कमरेला लुंगीसारखं पांढरं मुंडू, त्याच्या पंख्यासारख्या निऱ्या मागे खोचलेल्या, कानांच्या वरच्या पाळीत सोन्याच्या जाड कड्या. कॉलनीतली पोरं तिला बघायला आमच्या फाटकाशी उभी राहायची.

मराठी ती शिकली दारावर येणाऱ्या भाजीवाल्यांकडून. त्यामुळे तिचं मराठी थेट मळ्यातलं होतं. आईला ती 'मीठ लय झालं' म्हणायची आणि फादरांनाही 'पाय दुखतो, गुडघं टेकायला जमत नाय' असंच सांगायची. फादर हसायचे. मला मात्र हसू येत नसे. ती मला आणायला शाळेच्या फाटकाशी यायची आणि 'मोळे, ऊन लय हाय' म्हणत माझ्या डोक्यावर छत्री धरायची. मोळे म्हणजे मुली. मी दहा पावलं पुढे चालायचे. मला भूक लागली असेल असं समजून तीही बिचारी पाय उचलायची, आणि मी आणखी जोरात चालायचे.

तिचा देवावर फार विश्वास होता, आणि तो वेळापत्रकाने चालायचा. संध्याकाळी सात वाजता टीव्ही बंद, सगळे गुडघ्यांवर, तिच्या आवाजात जपमाळ सुरू. पाहुणे आले असले तर तेही बसायचे. चर्चमधल्या मराठी मिस्सेतलं तिला अर्धं कळत नसे, पण एकही रविवार तिने चुकवला नाही. 'त्याला समजतं ना, बास' म्हणायची.

वर्षातला तिचा सगळ्यात मोठा दिवस पेसहाचा, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारचा, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा. त्या दिवशी ती आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढायची. तांदूळ आणि उडीद वाटून, त्यात खोबरं, जिरं, लसूण घालून बिनआंबवलेली जाड भाकरी उकडायची. त्यावर झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पानाचा छोटा क्रूस ठेवायचा. सोबत गूळ घातलेलं नारळाचं दूध. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घरातल्या कर्त्याने ती भाकरी मोडायची आणि वयाच्या क्रमाने एकेकाला द्यायची. आमच्याकडे हा मान पपांनी तिलाच देऊन टाकला होता. कण खाली सांडायचा नाही, टाकायचा तर नाहीच. आणि घरातलं कुणी बाहेरगावी असलं तर त्याचा वाटा बाजूला काढायचा.

मी बारावीनंतर पुण्याला होस्टेलवर गेले तशी बाहेरगावची झाले. परीक्षा, सबमिशन, मग नोकरी... पेसहाला घरी न जाण्याची कारणं मला नेहमी तयार सापडली. अम्मच्चीने तक्रार केली नाही. आमच्या शेजारचे सोनवणे काका कामानिमित्त दर शुक्रवारी पुण्याला जायचे, त्यांच्या हाती तिने माझा वाटा स्टीलच्या डब्यातून पाठवायला सुरुवात केली. काका सकाळी डबा वॉचमनकडे देत आणि संध्याकाळी परतताना रिकामा घेऊन जात.

पहिल्या वर्षी मी डबा खोलीत उघडला. एप्रिलचं ऊन, बंद डबा, लसणाचा वास. खोलीतली मैत्रीण म्हणाली, हे काय गं, साबण आहे का? मी तिच्यापेक्षा मोठ्याने हसले. घरच्या जुन्या बाईचं काहीतरी असतं, म्हणाले. फाटकाजवळच्या कचऱ्याच्या पिंपात डबा उपडा केला, धुतला, वॉचमनकडे ठेवला. रात्री फोन आला.

"मोळे, पोटात गेलं ना?"

"हो अम्मच्ची, लगेच खाल्लं."

असं सात वर्षं चाललं. प्रत्येक वर्षी तोच डबा, तेच पिंप, नंतर होस्टेलऐवजी माझ्या फ्लॅटखालचं पिंप. एका वर्षी तर रंगात येऊन 'छान गोड झालं होतं' असंही सांगितलं. गोड असतं ते दूध, आणि दूध कधी डब्यातून येत नसे. पलीकडून ती 'बरं, बरं' म्हणाली. खोटं बोलायला सोपं जातं तेव्हा आपण निर्लज्ज होतो असं नाही, आपल्याला आपलं खोटं ऐकूच येत नाही. यातल्या शेवटच्या काही वर्षांत ती थकली, तिच्याने वाटण होईना, आई तिच्या सांगण्यावरून करू लागली. डबा येत राहिला. शेवटचा आला तेव्हा ती नव्वदीला टेकली होती.

परवाच्या गुरुवारी मी घरी गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे त्या घरात पेसहाची भाकरी करत नाहीत, ती दुसऱ्या कुणी आणून द्यायची असते. ओझरच्या एका मल्याळी कुटुंबाने आठवणीने आणून दिली. प्रार्थना झाली. पपांनी भाकरी हातात घेतली. त्यांना ती नीट मोडता येईना. त्यांनी स्वतः घेतली, आईला दिली, मला दिली. मग आणखी एक तुकडा मोडून त्यांनी वाटीत बाजूला ठेवला.

मी म्हटलं, "पपा, तो कुणाचा?"

"तुझा," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मी समोरच बसले होते.

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. पिंप, डबा, फोन, सगळं. सांगताना मान वर करायची हिंमत नव्हती. आईने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं."

सोनवणे काका त्या संध्याकाळी डबा घ्यायला होस्टेलच्या फाटकाशी गेले तेव्हा त्यांना पिंपात वरच ती भाकरी दिसली, पानाच्या क्रूसासकट. कुणाचाही असो, प्रसाद कचऱ्यात कसा ठेवायचा, म्हणून त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणला. आईच्या हातात देताना बिचारे स्वतःच ओशाळले होते. अम्मच्चीने तो कागद तिच्याकडून घेतला, भाकरी वरवर खरवडली, आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, पाण्याच्या घोटाबरोबर सगळी खाल्ली. नंतर उठून मला फोन लावला.

"मी तिला म्हटलं होतं," आई सांगत होती, "अम्मच्ची, पुढच्या वर्षी नका पाठवू. तर म्हणाली, पोरीचा वाटा हाय. ती खाईल, नाय खाईल. आपण वाटा नाय चुकवायचा."

म्हणजे सात वर्षं ती मला जाणूनबुजून विचारत होती. प्रत्येक वर्षी फोनवर माझ्यासाठी एक दार उघडं ठेवत होती, आणि प्रत्येक वर्षी मी ते 'लगेच खाल्लं' म्हणून लावून घेत होते. आणि ती गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं.

वाटीतला तुकडा पपांनी माझ्यापुढे सरकवला. मी तो खाल्ला. पपांनी मग कपाट उघडून अम्मच्चीची जपमाळ काढली, पण म्हणायला सुरुवात कुणी करायची ते आम्हा तिघांनाही कळेना.