न पेटलेल्या ड्रायरचे उपकार

श्री. जनार्दन घोडविंदे यांना, म्हणजे आम्हा सर्वांच्या जनूभाऊंना, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात तांब्याच्या तारेचा एक तुकडा होता आणि तो मी घाईघाईने पाठीमागे लपवला होता. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशा कबुलीने करू नये, हे मला कळतं. ‘जरा गंभीरपणे लिहा’ असं संपादकांनी फोनवर दोनदा बजावलंही आहे. पण भाऊ पंचाहत्तर वर्षांचे झाले या बातमीनेच मी इतका हरखून गेलो आहे, की गंभीर वगैरे राहणं मला काही जमायचं नाही. त्या तारेची गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली. आज सगळ्यांसमोर सांगूनच टाकतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंगाची भुकटी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी देखभालीचा सुपरवायझर म्हणून नुकताच लागलो होतो. कायम व्हायचा होतो. मालक गोपशेठ उल्हासनगरचे. मनाने दिलदार, पण काम अडलं की त्यांचा पारा चढायला वेळ लागत नसे. आमच्या कारखान्याचा सगळा डोलारा एका गॅसवरच्या ड्रायरवर उभा होता. ओल्या रंगाचे ट्रे आत सरकवायचे, दार लावायचं आणि गरम हवेने वाळवायचे. दसऱ्याला कारखाना बंद ठेवून यंत्रांची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. पंखा घुमू लागला, आणि पुढे काही नाही! ठिणगी नाही, ज्योत नाही.

मी सिलिंडर पाहिले, भरलेले होते. ठिणगीची कांडी काढून पुसली. ट्रान्सफॉर्मर तपासला. फ्यूज दोनदा बदलले, त्यातला एक तर चांगलाच होता. दुपार झाली. रंग दिवसभर ओला राहिला की त्याची छटा बिघडते, आणि भरलेले ट्रे रांगेने वाट पाहत उभे होते. गोपशेठ आले आणि म्हणाले, “देखो साईं, संध्याकाळपर्यंत जला दे. नहीं जला तो कल से घर बैठ.”

आता जरा समजावून सांगतो. या ड्रायरला हवेचा एक स्विच असतो. पंख्याच्या पाइपमधून करंगळीएवढी रबरी नळी त्या स्विचपर्यंत येते. पंख्याची हवा त्या नळीतून पोचली, की स्विच यंत्राला सांगतो, हवा आहे, आता गॅस सोड. स्विच गप्प राहिला तर यंत्र ठिणगीसुद्धा पाडत नाही. मी ठरवून टाकलं की स्विच बिघडला आहे. त्याच्या दोन स्क्रूंमध्ये तार जोडली की यंत्राला वाटणार हवा आली, आणि ड्रायर पेटणार. आमच्या भागात याला ‘बायपास मारणं’ म्हणत, आणि ज्याला ते जमे तो स्वतःला मोठा कारागीर समजे. मी तार सोलून तयार केली, एवढ्यात मागून आवाज आला, “हात पुढं कर बघू.”

गोपशेठनी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून भाऊंना बोलावून घेतलं होतं. बाजारातल्या एका गाळ्यात भाऊ तेव्हा बर्नर दुरुस्त करत. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातलं शेतकऱ्याचं घर, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला खाकी पिशवी. मी हात पुढे केला. भाऊंनी तार घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. मग दोन्ही हात पाठीशी बांधून ते ड्रायरसमोर उभे राहिले.

“एकदा सुरू कर. कुणी बोलू नका.”

पंखा घुमला. भाऊंनी डोळे मिटून ऐकलं. पाइपला तळवा लावला. “हवा हाय,” ते म्हणाले, “पण यंत्राला ठाव नाय.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “काल काय केलंत इथं?”

“काही नाही भाऊ. दसरा होता. बंदच होतं सगळं.”

“पूजा केलीस?”

“केली की!”

“हार घातलास?”

“झेंडूचा. आंब्याची पानं लावून. चांगला मोठा.”

“बांधलास कशाला?”

आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ड्रायरच्या गुळगुळीत पत्र्याला ना खिळा होता ना आकडा. बाहेर आलेली होती ती एकच वस्तू, ती रबरी नळी. हार घसरू नये म्हणून मी दोन गाठी मारून, दोरा चांगला आवळून बांधला होता. सकाळी हिसका देऊन हार काढला. फुलं हातात आली, दोऱ्याचा फास तिथेच राहिला. सकाळपासून मी ज्याच्यासाठी आकाशपाताळ एक करत होतो, ते माझंच कर्तृत्व होतं!

भाऊंनी ब्लेडने फास कापला. चपटी झालेली नळी टम्म फुगली. बटण दाबलं. पंखा फिरला, मिनिटभर आतली हवा बाहेर गेली, आणि टक्! निळीशार ज्योत! मी खरोखर उडी मारली. ट्रे भरणाऱ्या यशोदाबाई ओरडल्या, “अगं बाई, पेटला!” गोपशेठ धावत आले.

“क्या था, भाऊ?”

“नळीला फास बसलेला.”

“किसने लगाया?”

माझा जीव मुठीत. भाऊ पिशवी उचलत म्हणाले, “दसऱ्यानं.”

गोपशेठ मोठ्याने हसले आणि ट्रे आत घ्यायला सांगून निघून गेले. माझी नोकरी त्या एका शब्दावर वाचली.

जाण्यापूर्वी भाऊंनी दोन गोष्टी केल्या. खिशातली माझीच तार काढून तिचा आकडा वळवला, ड्रायरच्या दर्शनी पत्र्यावरच्या एका बोल्टखाली पक्का केला आणि म्हणाले, “पुढल्या साली हार इथं.” मग मला फाटकापाशी चहाला नेलं. “आज तुझी तार चालली असती,” ते म्हणाले. “पंखा चालू हाय ना. तेच वाईट. चालली म्हणून ती तिथंच राहिली असती. ज्या दिशी पंख्याचा पट्टा तुटंल, त्या दिशी दाराशी कोण उभं असंल?”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर तेव्हा मला ते अर्धंच समजलं होतं.

दोन महिन्यांनी एका सकाळी यशोदाबाई तणतणत आल्या. “तुमचा ड्रायर परत पेटंना! तीनदा बटण दाबलं. दाराशी वाकून बघून माझी कंबर धरली.” मी जाऊन पंख्यावरची जाळी काढली. पट्टा तुटून खाली पडला होता. मोटर नुसतीच फिरत होती, पंखा उभा. आत वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. स्विचने यंत्राला खरं ते सांगितलं होतं, आणि यंत्र पेटलं नव्हतं. तार असती तर आत गॅस सुटला असता, आणि भडका बाहेर यायला वाट एकच होती, ते दार. मी तिथेच फरशीवर बसलो. हसत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही. यशोदाबाई म्हणाल्या, “यंत्र बंद पडलं नि हा बाबा खूश!” हो, खूश! बंद यंत्र पाहून इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

त्या दिवसापासून मी भाऊंचा शिष्य झालो. नव्वदच्या दशकात भाऊ रविवारी सकाळी घराच्या ओट्यावर कामगारांना शिकवत. पहिला धडा ठरलेला असे: आधी हात मागे, मग कान पुढे, आणि ‘काय बिघडलं’ याआधी ‘काल काय केलं’ हे विचारायचं. बायपास मारून द्यायला त्यांनी नकार दिला म्हणून काही कारखान्यांनी त्यांना बोलावणं सोडलं. भाऊंनी त्याची तक्रार कधी केली नाही. माझ्या लग्नात तर ते अहेर घेऊन आले ते थेट आचाऱ्याकडे गेले. शेगडीची नळी तडकलेली पाहून ती बदलून घेतल्याशिवाय त्यांनी चूल पेटू दिली नाही. पंगत तासभर उशिरा बसली. सासरची मंडळी माझ्याकडे रागाने पाहत होती आणि मला मात्र अभिमानाने काय करू नि काय नको असं झालं होतं!

सत्कार समारंभात भाऊंना हार कुणी घालायचा, यावर समितीत बराच खल झाला. मी यशोदाबाईंचं नाव सुचवलं. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो आणि दोऱ्याची, तारेची, तुटलेल्या पट्ट्याची सगळी हकीकत त्यांना पहिल्यांदाच सांगितली. नातवंडं आसपास खेळत होती, त्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “घालीन की. पण हार मी ओवणार. तू गाठ मारू नकोस.”

भाऊ, गाठ मी मारणार नाही. तुमचा श्वास असाच मोकळा राहो, कान असेच तिखट राहोत, आणि शंभराव्या वर्षीही तुम्ही हात पाठीशी बांधून आमच्यासमोर उभे राहून विचारा, “काल काय केलंत?” खरं उत्तर द्यायला मी हजर असेन.