पोट फुगलेला व्हॉल्व्ह

इस्त्रीखाली ओलसर टॉवेल चुरचुरला, की त्या वाफेच्या वासानं मी पुन्हा सोलापुरातल्या रंगाच्या कारखान्यात जाते. तिथं आम्ही नवराबायको दोघंही कामाला होतो. त्या दुपारी वाफेचा पाइप फुटला आणि हे यंत्रामागं अडकले.

"ग्लोब व्हॉल बंद कर!" आतून ओरडले.

समोर सगळी सारखीच चाकं. "अवं, ग्लोब म्हंजी कुठला?"

"ज्याचं पोट फुगलंय, त्यो! लवकर!"

तो सापडला. पदर गुंडाळून मी तापलेलं चाक फिरवत राहिले. हात भाजले, पण सोडलं नाही. अखेर वाफेचा आवाज थांबला. त्या शांततेनं मला हायसं वाटलं होतं. आज तोच क्षण आठवायला नको वाटतो. मी हाक मारली. पुन्हा मारली. यंत्रामागून उत्तर आलं नाही.