उभी गाठ

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात सगळे ताईच म्हणत, आणि ताईंचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं: "झोपलेली गाठ चावत नाही." पडद्यावर गाठ आडवी पसरलेली, गुळगुळीत कडेची दिसली, की त्या समोरच्या बाईला तिथल्या तिथे धीर देत. सुईने काढलेला तुकडाही बहुधा साधाच निघे. उभी, वेड्यावाकड्या कडेची, मागे काळी सावली टाकणारी गाठ दिसली की मात्र ताई धीर द्यायच्या थांबत; तशी गाठ कर्करोगाची असू शकते.

तुकडे तपासणारे डॉक्टर मुलखाचे अबोल. चित्र आणि तुकडा जुळले तर फोन करायचा नाही, असा दोघांचा जुना शिरस्ता. त्यामुळे त्यांचा फोन आला, की काहीतरी जुळलेलं नाही हे ताई ओळखत.

एकदा ताईंच्याच धाकट्या बहिणीच्या छातीत शेजारी-शेजारी दोन गाठी दिसल्या. एक झोपलेली, एक उभी.

"उभीचा तुकडा काढायला हवा," ताई म्हणाल्या.

"मग सुई तूच मार. दुसऱ्या कुणाला मी हात लावू द्यायची नाही."

घरच्या माणसावर सुई धरू नये, हे ताई आयुष्यभर लोकांना सांगत आल्या होत्या. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! धाकटीच्या हट्टापुढे त्यांचं शहाणपण चाललं नाही.

रिपोर्ट आला, साधी गाठ. घरादाराचा जीव भांड्यात पडला. "उगाच घाबरवलंत आम्हाला," मेहुणे हसत म्हणाले. ताईही हसल्या, पण रिपोर्ट त्यांनी पुन्हा उघडून वाचला.

दुसऱ्या दिवशी तुकडे तपासणाऱ्या डॉक्टरांचा फोन वाजला.

"ताई, तुमच्या चित्रात उभी गाठ आहे. माझ्या काचेवरच्या तुकड्यात सगळं शांत आहे. सुई नक्की कुठे गेली होती?"

ताईंनी सुई मारतानाचं जपून ठेवलेलं चित्र उघडलं. सुईची पांढरी रेघ सरळ झोपलेल्या गाठीत शिरली होती. हात हलला नव्हता, नजर चुकली नव्हती. मनाला जे हवं होतं, तिथेच हाताने सुई नेली होती. ताईंना आपल्याच हाताची भीती वाटली.

धाकटीला पुन्हा बोलावलं, तेव्हा शेजारी दुसरे डॉक्टर सुई घेऊन उभे होते. ताईंचे हात कोटाच्या खिशात होते.

"आता आणखी कशाला?" धाकटीने विचारलं. "झोपलेलीच निघाली ना गं?"

"ती झोपलेलीच होती," ताई म्हणाल्या. "उभीला मी हातच लावला नाही."