शेवंताबाईंचा अर्ज

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. निरोपसमारंभात माझ्या सचोटीवर दोन भाषणं झाली, शाल-नारळ घेतला — तेव्हाही गप्पच बसलो. आज तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो. धरणांवर मासेमारी करणाऱ्यांचे होडीच्या अनुदानाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. घरी आम्ही अंड्यालाही न शिवणारे, त्यामुळे माझी नेमणूक कळली तेव्हा अख्खी पेठ हसली होती. मासळी आधीच कमी झालेली, आणि होडी तरी कितीजणांकडे होती? ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवायची आणि तिच्यावर बसून जाळं टाकायचं.

शेवंताबाईंचा नवराही तसाच जायचा. तो परत येईपर्यंत आपण काठावरून हलत नाही, असं त्या अर्ज देताना म्हणाल्या होत्या.

मासळी विकून त्या थेट कचेरीत आल्या होत्या. पदरात गुंडाळलेले कागद — सगळे होते, मच्छीमार सोसायटीचा दाखलासुद्धा. पण त्या कागदांना मासळीचा वास येत होता हो! मी ते दोन बोटांत धरले आणि मागे खिडकीपाशी, रद्दीवर ठेवले. वास गेला की बघू, म्हटलं.

मग विसरलो. — विसरलो? छे. रोज तिकडे नजर जायची, आणि रोज मी दुसराच अर्ज ओढायचो. मुदत संपली.

त्या विचारायला आल्या तेव्हा मी म्हणालो, "अहो बाई, दाखला कोण जोडणार? अपुरा अर्ज पुढे कसा पाठवू?" दाखला टाचणीसकट माझ्या पाठीमागे होता.

"माजंच चुकलं भाऊसाहेब. मला कुठं वाचता येतंय?" त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी योजनाच बंद झाली. नवरा ट्यूबवरच जात राहिला, आणि त्या काठावर.

उन्हाळ्यात त्या पुन्हा आल्या. काम काही नव्हतं. बाकीचे हाकलून देतात, तुम्ही नीट सांगितलंत, म्हणाल्या, आणि पळसाच्या पानांचा द्रोण पुढे केला. करवंदं.

"तुमच्यात मासळी चालत न्हाय, ठावं हाय. साबनानं हात धुऊन तोडल्यात. वास न्हाय यायचा."

म्हणजे माझी ती दोन बोटं त्यांनी पाहिली होती.

मी द्रोण घेतला. घरी नेला. आम्ही सगळ्यांनी करवंदं खाल्ली. फार गोड होती.