कुदळ पारूच्या हातात

खड्डा खणला की काठावर मातीचा ढीग लागतोच. किश्श्यांचंही तसंच आहे, राव! आपण काम करत राहायचं, आणि रिटायर झाल्यावर मागे वळून बघावं तर हा डोंगर. लोक मला विचारतात, तुम्ही मीरा रोडला काय केलंत? मी छातीठोकपणे सांगतो, खड्डे केले. तुम्ही चौथ्या मजल्यावर बसून चहा पिताय ना, त्याच्या खालचा खड्डा आमचा आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. स्टेशनपासून थोडं चाललं की मिठागरं आणि चिखल. मी पायाच्या कामावर सुपरवायझर. आमचे इंजिनियर साहेब ‘एक्स्कॅव्हेशन’ म्हणायचे, शेठ ‘खुदाई’ म्हणायचा, मुकादम शिरपत ‘खोदकाम’. शब्द कुठलाही घ्या, रीत एकच. नवऱ्याने खणायचं, बायकोने घमेलं वाहायचं. दोघांची मिळून जोडी, आणि काम जोडीलाच. एकट्या बाईला कोणी उभं करत नसे.

पारू आणि दगडू ही त्यातलीच एक जोडी. साइटच्या कडेला झोपडीत राहायची. एकदा दगडूच्या उजव्या हातावर धोंडा पडला आणि त्याची मूठ वळेना. शिरपत म्हणाला, जोडी मोडली, झोपडी रिकामी करा.

पारूने घमेलं खाली ठेवलं आणि नवऱ्याची कुदळ उचलली. “मी खणते. त्यो वाहील. जोडी कुठं मोडली?”

 ‘पुढच्या प्लॉटपर्यंत बघू’ म्हणून शिरपतने वेळ मारून नेली.

* * *

दुसऱ्या दिवशी गडी हसून हसून लोळायचे बाकी! बाप्या माणूस डोक्यावर घमेलं घेणार म्हणजे काय? एकाने आपल्या बायकोची चुंबळ दगडूच्या पायाशी फेकली.

दगडूने ती उचलून परत दिली. “मुंडासं हाय की डोक्याला. चुंबळ कशाला?”

आणि चालायला लागला. मला तर तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. ज्याची थट्टा करायची तोच लाजत नाही म्हटल्यावर थट्टेत मजा राहत नाही. गडी मुकाट कामाला लागले.

* * *

आमचा सुतार इनास, जवळच्याच तारोडी गावचा. जुन्या ख्रिस्ती घरातला, दिवसभरात चार शब्द बोलेल तर शपथ. पारूची कुदळ तिच्या हाताला मोठी पडते हे बघून त्याने गुपचूप दांडा कापून आखूड करून दिला.

शिरपत भडकला. कोणाला विचारून कापलास, म्हणून अंगावर गेला.

इनास रंधा मारत राहिला. “हात लहान हाय, दांडा लहान.”

* * *

मग एक मास्तर आले. कुठेतरी उत्खननात जुनी नाणी, मूर्ती निघाल्याचं त्यांनी पेपरात वाचलेलं. आमच्या पाटीवर ‘एक्स्कॅव्हेशन चालू’ वाचून मोठ्या आशेने खड्ड्यात डोकावले. आत पारू, गुडघाभर चिखलात. काय सापडलं, म्हणून त्यांनी विचारलं.

“पाणी,” पारू म्हणाली. “खारं हाय. चाखता?”

मास्तर सभ्य माणूस. ‘नको’ म्हणून निघून गेले.

* * *

शिरपतला मात्र चैन नव्हती. बाईचा खड्डा एवढा खोल जाईलच कसा, असं तो साहेबांसमोर म्हणाला. पारूने शिडी लावली आणि म्हणाली, उतरून बघा.

शिरपत उतरला. एका पायरीवर त्याचं वजन पडलं आणि ती मोडली! खाली पोचला खरा, पण वर यायची पंचाईत. काठावरून त्याला हात दिला तो पारूनेच. 

* * *

पण माणूस डूख धरणारा. पुढच्या प्लॉटवर त्याने चुन्याने चौकोन आखले आणि एकेका गड्याच्या नावाने जोड्यांना वाटून दिले. दगडूचं नाव घेतलंच नाही. उरलेल्या एका चौकोनात स्वतः मधोमध कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. उद्या नवी जोडी येतेय, म्हणाला.

 दगडूची झोपडीतली भांडी बोचक्यात बांधून झालेली. माझा जीव तुटत होता. पारूने पदर खोचला, त्या चौकोनाच्या कोपऱ्यात गेली आणि पहिली कुदळ हाणली. शिरपत हलेना. ती त्याला वगळून भोवतीने खणत गेली, दगडू माती वाहत राहिला. उतरला तर माघार, म्हणून शिरपत ताठ उभा. दुपारी त्याची भाकरीसुद्धा कोणीतरी वर दिली!

आमच्याकडे खड्डा मोजायची एक पद्धत होती. मधे मातीचा एक खांब न खणता सोडायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते कळतं. संध्याकाळी साहेब टेप घेऊन आले. खड्डा पारूच्या कंबरेच्या वर, मधे मातीचा खांब, आणि खांबावर मुकादम.

साहेबांनी वर बघून विचारलं, “ही जोडी कोणाची?”

शिरपतने खाली पारूकडे बघितलं. 

“पारूची,” तो म्हणाला. “घ्या माप.”